अठरा वर्षे पूर्ण, मग पुढे? सिनेमाचे प्रमाणपत्र आणि पूर्वसूचना : एक छोटा अभ्यास



शनिवारी रात्री कॉमन रूममध्ये कोणता सिनेमा लावायचा याचा निर्णय आपल्याकडे कसा होतो, ते सर्वांना ठाऊक आहे. मेसच्या रांगेत कोणीतरी विचारतो, "कसा आहे बे तो पिक्चर?" दुसरा म्हणतो, "लय भारी, डोकं सुन्न होते." झाले! एवढ्यावर ठराव मंजूर. "डोकं सुन्न होते" ही शिफारस आहे की इशारा, हे कोणी विचारत नाही. हिंदी थ्रिलरच्या बाबतीत तर या दोन्हींत फरकच उरलेला नाही. जितका सुन्न करणारा, तितका भारी.

मला स्वतःला असे सिनेमे आवडतात हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचे वाचून "हा बंदी घाला म्हणणारा दिसते" असा समज व्हायचा. माझा मुद्दा वेगळा आहे. एखादा सिनेमा कोणी पाहावा हा एक प्रश्न, आणि त्यात आहे तरी काय हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर सरकार देते, त्याला प्रमाणपत्र म्हणतात. दुसऱ्याचे उत्तर आपल्या थिएटरात सहसा मिळत नाही. त्याला मी या लेखापुरते पूर्वसूचना म्हणतो.

इलेक्ट्रिकलवाल्यांना हा फरक लगेच कळेल. सबस्टेशनच्या फाटकावर एक पाटी असते, "विनापरवानगी आत येण्यास मनाई". आत ट्रान्सफॉर्मरजवळ दुसरी असते, कवटी आणि दोन हाडे, "धोका, ११००० व्होल्ट". पहिली पाटी माणसाबद्दल बोलते, दुसरी आतल्या विजेबद्दल. लाइनमनला पहिली पाटी अडवत नाही, तो रोज आत जातो. पण दुसरी पाटी कोणी काढून नेली तर धोका त्यालाच जास्त. आपण अठरा पूर्ण झालेली मंडळी सिनेमाच्या बाबतीत लाइनमनच आहोत. फाटक आपल्याला उघडे आहे, आणि आतली पाटी बहुतेक वेळा लावलेलीच नसते.

तर आधी फाटकाचा इतिहास पाहू.

सिनेमा वऱ्हाडाला नवा नाही. अमरावतीत राजकमल, श्याम, चित्रा ही चौकांची नावे टॉकीजवरून पडली. ज्याने तिथे कधी सिनेमा पाहिला नाही तोही ऑटोवाल्याला तेच नाव सांगतो. मी मूळचा अकोल्याचा. आमच्याकडे माणेक टॉकीजचे नाव असेच पत्त्यात येते. सिनेमाच्या धंद्यात तर आपल्या भागाला 'सी.पी. बेरार' म्हणण्याची पद्धत आहे. मध्यप्रांत-वऱ्हाड हे नाव नकाशावरून जाऊन जमाना झाला, पण वितरकांच्या वहीत ते टिकून राहिले, आणि त्या वितरणाचे अमरावती हे एक मोठे ठाणे होते. मुंबईहून पेट्या इथे यायच्या आणि इथून गावोगावच्या टॉकीजला, टुरिंग टॉकीजच्या तंबूला जायच्या.

त्या पेटीतल्या प्रत्येक सिनेमाला सुरुवातीला एक कागद जोडलेला असायचा. तेच प्रमाणपत्र. जुन्या लोकांना विचारा, पडद्यावर तो कागद आला की मागून कोणीतरी ओरडायचा, "सोळा रील!" कारण त्यावर लांबी आणि रिळांची संख्या लिहिलेली असे, आणि पैसे वसूल होणार की नाही याचा अंदाज तिथेच लागायचा. वयाचे अक्षर वाचण्यात मात्र कोणाला रस नव्हता.

भारतात सिनेमाचा पहिला कायदा १९१८ चा. त्यानुसार १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर बोर्डे सुरू झाली. तेव्हा काळजी मुलांची नव्हती, गोऱ्या साहेबाच्या राज्याची होती. 'यू' म्हणजे सर्वांसाठी आणि 'ए' म्हणजे प्रौढांसाठी हे दोन वर्ग १९४९ च्या दुरुस्तीने आले. मग १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला, तो आजही लागू आहे. १९८१ च्या दुरुस्तीने आणखी दोन वर्ग घातले, ते १९८३ पासून अमलात आले. त्यातला 'यूए' म्हणजे लहान मुलांनी आईवडिलांच्या देखरेखीखाली पाहावा असा, आणि 'एस' म्हणजे डॉक्टर वगैरे ठरावीक व्यावसायिकांसाठी. एक गंमत लक्षात ठेवा. हिंदीत 'यू' ला 'अ' लिहितात, अनिर्बंधितचा 'अ', आणि 'ए' ला 'व', वयस्कचा. तेव्हा पोस्टरवर 'अ' पाहून कोणी हुरळून जाऊ नये, तो आजी आणि नातवाने बरोबर पाहायचा सिनेमा असतो!

२०२३ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये नवे नियम आले. आता 'यूए'चे तीन तुकडे आहेत, ७ वर्षांवरचे, १३ वर्षांवरचे आणि १६ वर्षांवरचे. 'यूए' मधले वय पालकांच्या माहितीसाठी असते, 'ए' मधले मात्र सक्तीचे. 'ए' सिनेमाला अठराच्या आतल्याला आत सोडले तर थिएटरवाल्याला शिक्षा होऊ शकते. इथे आपल्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी कान टवकारावेत. बारावी करून आलेल्यांत सतरा वर्षांचे बरेच असतात, आणि डिप्लोमाचे तर त्याहून लहान. कॉमन रूम म्हणजे थिएटर की घर, हा वाद वकिलांवर सोडू. पण "आपण सगळे मोठे झालो" हे वाक्य आपल्या हॉस्टेलात दरवर्षी जून ते डिसेंबर पूर्ण खरे नसते.

सेन्सॉर असावे की नसावे याचा सर्वात गाजलेला खटला १९७० चा. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका लघुपटाला 'यू' मिळाले नाही म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लिहिला सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. हे गृहस्थ नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, नागपूरला वकिली केली, आणि तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशही झाले. त्या न्यायालयाच्या हद्दीत आपले वऱ्हाड येत असे, म्हणजे तसे घरचेच! त्यांनी सांगितले की सिनेमा माणसाला पुस्तकापेक्षा जास्त हलवतो, म्हणून त्याची आधी तपासणी करणे घटनेविरुद्ध नाही. पण त्याच निकालात त्यांनी हेही बजावले की विषय भयंकर आहे एवढ्यावरून कात्री चालवू नये, कलावंताने तो कसा हाताळला ते पाहावे. पहिला अर्धा भाग बोर्डाने पाठ केला आणि दुसरा ऑप्शनला टाकला, असे माझे मत आहे.

आता खरी अडचण. 'ए' या एका अक्षरात काय काय कोंबलेले असते ते पाहा. चावट विनोदांचा सिनेमा 'ए', रक्ताचे पाट वाहणारा मारधाडपट 'ए', आणि माणसाच्या मनाचा अंधार दाखवणारा गंभीर सिनेमाही 'ए'. एकाच रंगाच्या बाटलीत खोकल्याचे औषध, ॲसिड आणि डिस्टिल्ड वॉटर भरून वर "मुलांपासून दूर ठेवा" एवढेच लिहिल्यासारखे हे झाले. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असे कोणी केले तर लॅब असिस्टंट काका आपल्याला बाहेर काढतील.

हे कोणाच्या लक्षात आले नाही असे नाही. विजय आनंद सेन्सॉर बोर्डाचे अध्यक्ष असताना त्यांनी प्रौढांच्या खास सिनेमांसाठी वेगळी थिएटरे असावीत असा विचार मांडला. सरकारला तो झेपला नाही आणि २००२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. २०१६ मध्ये श्याम बेनेगल समितीने 'ए'च्या पुढे 'सावधानतेसह ए' असा वर्ग सुचवला. तोही कागदावरच राहिला. बाहेरच्या देशांत मात्र दुसरी पाटी लागली. अमेरिकेत वयाचे वर्ग १९६८ मध्ये आले आणि १९९० पासून त्यासोबत कारणही द्यायला लागले. ब्रिटनचे बोर्ड वयाच्या आकड्याखाली एक छोटी ओळ देते, हिंसा किती तीव्र, आत्महत्येचा विषय आहे का, वगैरे. आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीवाल्यांना हे सक्तीचे केले. म्हणून मोबाइलवर सिनेमा सुरू होताना डाव्या कोपऱ्यात बारीक इंग्रजीत चार शब्द येतात. ते वाचून होईपर्यंत आपण स्क्रीन मोठी करायला बोट लावलेले असते, तो भाग वेगळा.

इथून आपल्या महाराष्ट्रातल्या गोष्टीकडे येतो, कारण पाटी नसली की काय होते याचे उत्तम उदाहरण त्यात आहे.

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून तो ओळखला जातो. संध्याकाळनंतर पुण्याचे रस्ते ओस पडत, असे तेव्हाचे लोक सांगतात. खुनी सापडले तेव्हा सगळ्यांना धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. ती टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयाची पोरे होती. आपल्याच वयाची, कॉलेजात जाणारी. पहिला बळी त्यांच्याच वर्गातला मुलगा, पैशासाठी पळवलेला. एक जण माफीचा साक्षीदार झाला आणि चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याला फाशी झाली. १९८६ मध्ये 'माफीचा साक्षीदार' हा सिनेमा आला, त्यात नाना पाटेकर होते.

याच घटनेवरून सुचलेला अनुराग कश्यपचा पहिला सिनेमा म्हणजे 'पाँच'. पाच मित्रांचा बँड, पैशाची चणचण, अपहरणाचा बनाव, आणि मग एकातून एक खून. के. के. मेनन, आदित्य श्रीवास्तव, विजय मौर्य, जॉय फर्नांडिस आणि तेजस्विनी कोल्हापुरे. २००१ मध्ये सेन्सॉर बोर्डाने तो अडवला. हिंसा फार आहे, गुन्हा कसा करायचा ते दाखवले आहे, भाषा घाण आहे, आणि यातून काही चांगला संदेश मिळत नाही, असे आक्षेप होते. यातला दुसरा आक्षेप हवेतून आलेला नाही. गुन्हेगाराची कार्यपद्धती दाखवू नये असे १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. पुढे काटछाट करून मंजुरीही मिळाली, पण निर्मात्याच्या अडचणीत सिनेमा अडकला आणि पुढची वीस वर्षे तरी थिएटरात लागला नाही.

मग तो लोकांनी पाहिला नाही का? पाहिला की! देशभरच्या हॉस्टेलांनीच पाहिला. आधी सीडीवर, मग लॅनवर, मग पेनड्राइव्हवर. मी पाहिला तोही असाच, एका सिनिअर भाऊच्या हार्डडिस्कमधून. फाइलचे नाव होते नुसते 'पाँच', पुढे 'ओरिजिनल'. आता गंमत पाहा. ज्या सिनेमाबद्दल बोर्डाला इतकी काळजी वाटली की तो प्रौढांनाही दाखवू नये, तो सिनेमा अठरा-एकोणीसच्या पोरांपर्यंत पोचला तो कोणत्याही कागदाशिवाय. ना 'ए', ना 'व', ना रीळ, ना एक ओळ. फाटक कायमचे बंद केले, तर लोक कुंपणावरून उडी मारून आत गेले, आणि आत कवटीची पाटी लावायची राहूनच गेली. बंदी ही पूर्वसूचनेची मोठी बहीण आहे असे अनेकांना वाटते. माझ्या मते बंदी पूर्वसूचनेची जागा अडवून बसते.

'पाँच' पाहून मी बिघडलो नाही. पण सिनेमा संपल्यावर, हे खरे घडलेले आहे, त्यात गेलेले लोक खरे होते, त्यात एक वृद्ध संस्कृत पंडित आणि त्यांचे कुटुंब होते, हे कळले तेव्हा त्याच सिनेमातल्या शिट्ट्या मारण्याच्या जागा वेगळ्या वाटायला लागल्या. एवढी एक ओळ आधी माहीत असती तर मी सिनेमा पाहिलाच असता, पण जरा वेगळा पाहिला असता.

दुसरे उदाहरण त्याच दिग्दर्शकाचे, 'अग्ली'. २०१३ मध्ये कानला दाखवला गेला आणि भारतात २६ डिसेंबर २०१४ ला लागला. गाडीत बसवून ठेवलेली दहा वर्षांची मुलगी नाहीशी होते, आणि तिला शोधणारे मोठे लोक एकेक करून आपापला हिशेब चुकता करायला लागतात. आपले गिरीश कुलकर्णी त्यात पोलिस इन्स्पेक्टर आहेत. पोलिस ठाण्यातला तो लांबलचक चौकशीचा प्रसंग ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको. शेवट मी सांगणार नाही. एवढेच सांगतो की तो पाहून झाल्यावर आमच्या विंगमध्ये बराच वेळ कोणी लाइट लावला नव्हता.

या सिनेमाला प्रदर्शनाआधी एका पूर्वसूचनेवरूनच कोर्टाची पायरी चढावी लागली. कोणती सूचना? लहान मुलीवरच्या संकटाची? नाही. सिगारेटची! कोणी सिगारेट ओढताना दिसला की पडद्याच्या खाली "धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे" असे लिहिणे सक्तीचे आहे. ती ओळ माझ्या दृश्यात येऊन प्रेक्षकाचे लक्ष मोडते, असे कश्यपचे म्हणणे होते. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला, पण शेवटी सिनेमा सूचनांसहच लागला.

तंबाखूच्या या सूचनेचा मी विरोधक नाही. वऱ्हाडात राहून, खर्ऱ्याने जबडा न उघडणारे लोक पाहून, कोणी विरोध करूही नये. सुरुवातीला तीस सेकंद, मध्यंतरानंतर तीस सेकंद, शिवाय खालची ओळ, हे नियम २०१२ पासून आहेत आणि २०२३ मध्ये ते ओटीटीलाही लावले. मुकेशची ती जाहिरात आपल्याला तोंडपाठ आहे. मुद्दा इतकाच की या देशाच्या थिएटरात पूर्वसूचना द्यायची सवय लोकांना आहे, यंत्रणा आहे, वेळही आहे. सिगारेटचा धूर दिसला की ओळ येते. त्याच दृश्यात गळफास दिसला तर ओळ यायलाच हवी असा तसा नियम थिएटरसाठी नाही.

गळफासाचे नाव मी मुद्दाम घेतले.

मागच्या एका सत्रात आमच्या कॉमन रूममध्ये एक हिंदी थ्रिलर लागला होता. नाव देत नाही, कारण सिनेमाचा त्यात दोष नाही. साधारण अर्ध्या तासाने एक प्रसंग येतो. शेतातले घर, आडवे लाकूड, आणि दार ढकलणारा मुलगा. माझ्या शेजारी बसलेला ज्युनिअर उठला. दाटीतून, पायांवर पाय देत, वाट काढत निघाला. मागून एक जण ओरडला, "काऊन बे, इतक्यातच फाटली काय?" सगळे हसले. तो म्हणाला, "पाणी प्यायले चाललो," आणि गेला. परत आला नाही. दोन दिवसांनी त्याच्या रूम पार्टनरकडून कळले की त्याच्या घरी ते दार त्याने स्वतः ढकलले होते. नववीत असताना.

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम. या पाच जिल्ह्यांची नावे पेपरमध्ये एकत्र छापून आली की खाली कोणता आकडा असतो हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पुण्या-मुंबईच्या कॉलेजात ती बातमी असेल. इथे कॉमन रूममध्ये पन्नास जण बसले असतील तर त्यात कोणाच्या तरी काकाची, मामाची, बापाची ती गोष्ट असते. आणि तो सांगत नाही. का सांगावे? त्या मुलाचे वय वीस होते. 'ए' असो की १६ वर्षांवरचे 'यूए', फाटक त्याला उघडेच होते. कोणतेही वयाचे अक्षर त्याच्या कामाचे नव्हते. एक ओळ कामाची होती, आणि ती असती तर तो "आज मले सबमिशन आहे" म्हणून खोलीत बसला असता. कोणाला काही कळले नसते. पूर्वसूचनेचा माझ्या लेखी सर्वात मोठा उपयोग हाच आहे. तिच्यामुळे माणसाला भर गर्दीतून उठून जावे लागत नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. एक मी आमच्या विंगमध्येच ऐकला, "अशी पाटी लावली का पोट्टे तोच पिक्चर पाहतीन." यात तथ्य आहे! अमेरिकेत ब्रॅड बुशमन आणि ॲन्जेला स्टॅक यांनी १९९६ मध्ये यावर प्रयोग छापले. "प्रेक्षकांनी विचार करून पाहावे" असा उपदेश जोडलेल्या इशाऱ्याने हिंसक कार्यक्रमाची ओढ वाढते असे त्यांना दिसले. पण नुसते "यात हिंसा आहे" एवढी कोरडी माहिती दिली तर तसे झाले नाही. म्हणजे ओढ माहितीने लागत नाही, मनाईच्या सुराने लागते. आपल्या गॅदरिंगच्या सूचना लिहिणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अशा सूचनांनी त्रास खरेच कमी होतो का? व्हिक्टोरिया ब्रिजलँड आणि सहकाऱ्यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासून २०२३ मध्ये जे मांडले ते आपल्याला आवडणारे नाही. सूचना वाचल्याने पुढचे दृश्य कमी टोचते असे दिसले नाही. उलट दृश्य येण्याआधीची धडधड थोडी वाढते. आणि सूचना वाचून लोक फारसे टाळतही नाहीत. हे मान्यच केले पाहिजे. कवटीची पाटी वाचल्याने अंगात इन्सुलेशन येत नाही. पण ते प्रयोग मुख्यतः एकेकट्या माणसाला मजकूर किंवा चित्रफीत दाखवून केलेले आहेत. शनिवारची कॉमन रूम, दाटी, शिट्ट्या आणि "फाटली काय" हे त्यात नाही. त्रास किती होतो हे एक माप आहे. तो त्रास कुठे, कोणासमोर होतो हे दुसरे, आणि आपल्याला त्या दुसऱ्याची काळजी आहे.

आता प्रात्यक्षिक. सूचना लिहायची कशी? कारण यात खरी पंचाईत आहे ती रहस्य फुटण्याची. थ्रिलरचा जीव शेवटात असतो. "यात अमुक मरतो" असे फळ्यावर लिहिले तर लिहिणाऱ्याचाच थ्रिलर होईल. उपाय सोपा आहे. घटना लिहा, पण कोणाची, कधी आणि का ते लिहू नका. 'अग्ली'साठी मी असे लिहीन : लहान मुलीचे अपहरण, घरातला छळ, पोलिसी मारहाण, आत्महत्येचा विचार, शिवीगाळ. यात शेवट कुठे फुटला? 'पाँच'साठी : अपहरण, खून, अमली पदार्थ, शिवीगाळ, आणि खऱ्या घटनेवरून सुचलेला. 'रमन राघव २.०' या २०१६ च्या सिनेमासाठी : क्रूर खून, कुटुंबातली हत्या, मानसिक विकृती, नशा. तोही मुंबईतल्या १९६० च्या दशकातल्या खऱ्या खुन्याच्या नावावरून आहे, पण गोष्ट आजची रचलेली, तर तेही एका शब्दात टाकावे.

"भयंकर", "थरकाप उडवणारे", "कमजोर दिलवाल्यांनी पाहू नये" असले काही लिहू नये. ती जाहिरात झाली, शिवाय बुशमनसाहेबांचा नियम मोडला. इंग्रजीत तर लिहूच नये. इंग्रजी शब्दावरून आपली नजर घसरते, "आत्महत्या" या मराठी शब्दावर ती थांबते. ज्याला थांबायचे आहे त्याच्यासाठीच तो शब्द आहे. आणि मारामारी किती वेळा, शिव्या किती असा सगळा हिशेब मांडू नये, नाहीतर सोळा रिळांच्या कागदासारखे होईल आणि कोणी वाचणार नाही. चार-पाच शब्द पुरे. शक्य असेल तर साधारण कितव्या मिनिटाला ते लिहावे. म्हणजे ज्याला बाकीचा सिनेमा पाहायचा आहे तो तेवढ्यापुरता चहाला जाऊन येतो. हे मिनिटांचे सुचवले ते मेकॅनिकलच्या एका मित्राने, आणि मला ते सर्वात जास्त पटले.

लिहायचे कोणी? ज्याने सिनेमा आणला त्याने. त्यानेच तो पाहिलेला असतो. वॉर्डन सरांना मी विचारले तेव्हा त्यांची हरकत नव्हती. उलट त्यांनी त्याच कागदाच्या खाली टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लिहायला सांगितला. ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येते आणि रात्रीही फोन उचलतात. नंबर प्रत्येक सिनेमाच्या खाली लिहायचा, हलक्याफुलक्या सिनेमाच्याही. म्हणजे तो पाहणाऱ्याकडे कोणी वळून पाहणार नाही.

कागद मेसच्या दाराजवळच्या बोर्डावर शुक्रवारी संध्याकाळी लागेल असे ठरले आहे. पहिला कागद दुसऱ्या वर्षाचे दोघे लिहीत आहेत. "मारधाड" लिहायचे की "हिंसा", यावर काल रात्रीपर्यंत त्यांचा वाद चालू होता. मेसच्या काकूंचे मत "मारधाड"च्या बाजूने पडले आहे.